वजन उतरवण्याचे दिवस

कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली की आमच्याकडं सकाळच्या हवेला एक कोरडा वास येतो. उकललेल्या बोंडांच्या टरफलांचा, दव पिऊन पुन्हा वाळलेल्या पऱ्हाटीचा, गोठ्यापुढं पेटवलेल्या काडीकचऱ्याचा. हा वास आला की मला भूक लागते. साधी नाही, पोट पाठीला लागल्यासारखी. आता दोन्ही वेळा पोटभर जेवतो, शुगरची गोळी घेतो, पँटचा हूक लागत नाही म्हणून शिव्या देतो. तरी या दिवसांत सकाळी उठलो की आधी जीभ टाळूला लावून बघतो, तोंडात ओल आहे का.

धाड गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर या हंगामात पोरं पळतात. भरतीची पोरं. जीपवाले त्यांना हॉर्न देत नाहीत, बाजूनं काढून घेतात. परवा त्या पोरांच्या मागं एकटीच एक मुलगी पळताना दिसली आणि तिच्या अंगात रेनकोट होता. आभाळात ढगाचा ठिपका नाही, थंडीनं म्हशीच्या नाकातून वाफ निघतेय, आणि ही रेनकोट घालून पळतेय. पारावर बसलेली माणसं हसली. मी नाही हसलो. मला माहीत होतं, रेनकोटच्या आत स्वेटर असेल, स्वेटरच्या आत अंगाला गुंडाळलेलं प्लास्टिक असेल, आणि तोंड कोरडं पडलं तरी ती थुंकत असेल. थुंकीलाही वजन असतं.

पूजा तिचं नाव. आमच्याच आळीतली. बॉक्सिंग खेळते. आमच्या ओट्याशी दम खायला थांबली, तेव्हा माझी बायको वंदना अंगणात सडा टाकत होती.

"काय वो पूजा, पानी पडून राह्यलं का कुठं?"

"नाही काकू, वजन कमी करून राह्यली. स्पर्धा हाये ना."

"मंग जेवतं का काही?"

"पपईच्या दोन फोडी. काकडी."

वंदना बादली खाली ठेवून तिच्याकडं बघत राहिली. "आन तुही माय? तिच्या घशाखाली उतरते का घास?"

पूजा खदखदून हसली. "माय? माय तं माह्या वाटचं पन खाऊन घेते काकू! म्हनते, तुह्या नावानं कुत्र्याले कायले टाकू?"

वंदनाही हसली. जरा जास्तच वेळ हसली. मग बादली उचलता उचलता म्हणाली, "बरं करते बाई. मी नोती जेवली. चूक माहीच होती."

मी आत दाढी करत होतो. आरशातला माझा हात गालावर तसाच थांबला. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या हिवाळ्याबद्दल कुणी बोललेलं नव्हतं, आणि आज ती ते अंगणात, सडा टाकता टाकता, शेजारच्या पोरीला सांगून मोकळी झाली. चूक माहीच. ती चूक तिची नव्हती. हे मला माहीत आहे, मला एकट्यालाच. तिला हे सांगायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते केलेलं नव्हतं.

सांगणं मला जमत नाही. मीही बॉक्सर होतो, रिंगणात बोलायला मनाई असते, तोंडात रबर धरलेलं असतं. त्या सवयीला मी आयुष्यभर पुढं केलं. आता वाटतं, ती सवय नव्हती, सोय होती.

मी साठ किलोच्या गटात खेळायचो. अंग माझं चौसष्ट-पासष्टचं. लढत ठरलेली असली की आधीच्या दिवसांत अंगातून ते जास्तीचं काढायचं, सकाळी काट्यावर उभं राहायचं, काटा मान्य झाला की मग खायचं. हे आमच्या खेळाचं पहिलं भांडण, आणि ते समोरच्याशी नसतं. गोठ्याच्या आड्याला मी एक बारदान टांगलं होतं, त्यात सरकी आणि आईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या दाबून भरलेल्या. त्याला ठोसे मारताना गाई कान हलवायच्या. बुलढाण्याला सैन्यातून आलेले एक सुभेदार आम्हा मुलांना शिकवत. एस.टी.नं जायचं, मार खायचा, एस.टी.नं यायचं. ते एकदा म्हणाले होते, "वजन एकट्यानं उतरत नाही गजानन, घर उतरवते." त्यांच्या मनात एवढंच होतं, की घरात तळण करू नका, पोराला मोहात पाडू नका. मी त्याचा काय अर्थ लावला, ते आता सांगतो.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. वंदना सोनाळ्याची. तिच्या माहेरी संत्र्याचे बगीचे, पाठीशी सातपुडा, आणि जेवायला घरातली सगळी माणसं एकदम बसायची. आमच्याकडं तसं नव्हतं. आमच्याकडं नवरा जेवून उठला की त्याच ताटात बायकोनं वाढून घ्यायचं. आईनं तसंच केलं, आजीनं तसंच केलं. कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येत नाही. ताट धुऊन दुसरं घेतलं असतं तर आईनं मारलं नसतं. फक्त शेजारणीकडं बघितलं असतं. वंदना पहिल्या महिन्यात म्हणाली होती, "तुमच्या इकडं ताटं कमी हाये का वो?" मी हसलो होतो. नंतर तिनं विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात राज्य स्पर्धा होती. पदक मिळालं तर खेळाडूंच्या जागेतून पोलिसात नोकरी, असा रस्ता होता, आणि दुसरा रस्ता नव्हता. वंदनाला सहावा संपून सातवा लागला होता. मी ताटावर बसायचो, मुगाचं पाणी आणि वाटीभर ताक घ्यायचो आणि उठायचो. ताट कोरडंच. ती तेच ताट पुढं ओढून बसायची. आई चुलीशी. मी हात धुवायला बाहेर जायचो.

आई मोठ्या कौतुकानं सांगायची बायाबायांत, "तो उपाशी असल्यावर हिच्या घशाखाली उतरते का? सोनाळ्याची हाये, पन आमच्या वळनाले लागली." आणि वंदना मान खाली घालून हसायची. त्या हसण्याचा फोटो असता तर सगळ्यांनी म्हटलं असतं, किती सुखी पोरगी.

तिनं लपवलं, असं ती समजते. मला म्हणायची, "मी शेतात खाऊन घेतो ना, बायांसंगं. तुमी तुमचं पाहा." सुनेनं वेचणीला गेलंच पाहिजे असं नव्हतं, पण बाया मिळत नव्हत्या आणि कापूस फुटून लोंबत होता. पोटाच्या वरून कापूस ठेवायची ओटी बांधून ती वेचायची. मी सकाळी पळायचो आणि उन्हं चढल्यावर पुन्हा एकदा, रेनकोट घालून, आमच्या शेताच्या धुऱ्यावरून. धुरा म्हणजे बांध, एक माणूस जाईल एवढा.

एके दुपारी धुऱ्यावरून येताना पाहिलं. बाया निंबाखाली बसल्या होत्या, फडकी सोडून. भाकर, ठेचा, कांदा. वास मला एवढ्या लांबून आला. उपाशी माणसाचं नाक कुत्र्याचं होतं. त्यात वंदना नव्हती. ती पार तिकडच्या तासात, कापसाच्या ओळीत, एकटी वेचत होती. एक बाई ओरडली, "ये ना वो वंदे, दोन घास खाऊन घे!" तिनं न वळता हात हलवला. "झालं माहं, मघाच खाल्लं." मग ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली, गुडघ्यावर हात टेकून. डोळ्यापुढं अंधारी येते तेव्हा माणूस असंच उभं राहतं. मला ते चांगलं माहीत होतं. मीही तसाच उभा राहत होतो त्या दिवसांत.

मी धुऱ्यावर थांबलो होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता बदलला. धुऱ्यावरून न जाता धाडच्या सडकेनं पळायला लागलो. सडक कडक, नडगीला मार बसायचा, सुभेदारांनी सांगितलेलं की मातीत पळ. तरी सडकेनंच पळालो. गावानं विचारलं तर म्हणायचो, धुऱ्यावर काटे झालेत.

हे एवढंच आहे. कुणाचा खून नाही, कुणाला मारलं नाही. एका माणसानं पळायचा रस्ता बदलला.

का बदलला, हे मी स्वतःला वर्षानुवर्षं नीट सांगत होतो. दिसलं असतं तर मी जेवलो असतो, जेवलो असतो तर वजन चुकलं असतं, वजन चुकलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरी तिच्यासाठीच तर होती. हे खोटं नाही. पण हे सगळं खरंही नाही. खरं असं, की मला बरं वाटत होतं. भूक माणसाला फार एकटं करते. आणि कुणीतरी माझ्याबरोबर उपाशी आहे, न सांगता, न मागता, हे कळल्यावर माझ्या अंगात एक गरम लाट आली होती धुऱ्यावर. सुभेदारांचं वाक्य आठवलं होतं, घर उतरवते. मला वाटलं, माझं घर उतरवतंय. मी अभिमानानं पुढं पळालो होतो. पोटातल्या लेकराचा विचार मला त्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, आणि तो नको म्हणून मी सडक धरली.

स्पर्धेला जायला शेगावहून गाडी होती. स्टेशनवर भक्तांची गर्दी, प्रसादाच्या पुड्या, ओल्या केसांच्या बाया. एका म्हातारीनं मला प्रसादाचा लाडू दिला. मी तो खिशात ठेवला, खाल्ला नाही.

वजन झालं. काटा साठच्या किंचित आत थांबला आणि मी तिथंच भिंतीला टेकून केळं सोललं. त्या केळाची चव अजून माझ्या जिभेवर आहे. त्याहून गोड मी काही खाल्लेलं नाही, हे लिहिताना लाज वाटते. त्याच संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून गावात फोन लावला, तर बाबांना बोलावून आणलं. बाबा म्हणाले, "वंदनाले दवाखान्यात नेलं. तू खेळून ये. तू येऊन काय करशीन?" मी निघू शकलो असतो. रात्रीची गाडी होती. मी खेळून आलो.

मुलगी होती. वंदनानं तिला पाहिलं, मी नाही. डॉक्टरांनी एकच असं कारण सांगितलं नाही. अंगात रक्त फार कमी होतं, म्हणाले, आणखीही काही म्हणाले. वंदना जेवली असती तर ती पोर जगली असती, असं कुणी लिहून दिलेलं नाही. मी या वाक्याला पुष्कळ वर्षं लटकून राहिलो. बाबा एकटेच तिला आणि कुदळ घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत परत आले.

आणि मी पदक घेऊन आलो. चांदीचं. गावानं ट्रॅक्टरवर बसवलं, गुलाल उधळला, शाळेतल्या पोरांना रांगेत उभं केलं. मिरवणूक दाराशी आली तेव्हा आईनं वंदनाच्या हातात ताट दिलं. ओवाळलं तिनं मला. पदराखाली तिची छाती घट्ट बांधलेली होती, दूध येत होतं म्हणून. बांधायला कापड शोधताना आईला दोरीवर माझे हाताचे जुने पट्टे दिसले, ठोसे मारण्याआधी मुठीला गुंडाळायचे. तेच बांधले होते. ओवाळताना तिचा हात वर गेला आणि पदराच्या कडेनं तो पट्टा मला दिसला, माझ्या घामानं पिवळा झालेला. तिनं डोळे वर करून बघितलं नाही. मागं कुणीतरी ओरडत होतं, "गजूभाऊ, आता दिल्ली!"

दिल्ली झाली नाही. नोकरी लागली. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत मी बाहेर पडलो. पुढच्या वर्षीही गेलो आणि डाव्या डोळ्यावर असा मार बसला, की डॉक्टरांनी हातमोजे कायमचे काढायला लावले. मग नोकरी संपून गावी परत येईपर्यंत मी कचेरीतल्या खुर्चीवर बसलो. "हाच का तो बॉक्सर?" असं बाहेरचे विचारायचे आणि आतले शिपाई म्हणायचे, "होता बाप्पा, होता."

त्या दिवसांत वंदना क्वार्टरवर माझ्याजवळ राहायला आली. सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकायची. माझं डोकं मांडीवर घ्यायची, दोन बोटांनी पापणी वर करायची, इतक्या हलक्या हातानं, की थेंब पडल्याचंच फक्त कळायचं. "हारले त काय झालं? जग काय बंद पडलं?" म्हणायची. मला ते सहन व्हायचं नाही. मारलं असतं तर सहन झालं असतं. एकदा तिच्या मांडीवर डोकं असतानाच मी म्हणालो, "तुहा पायगुनच तसा. पदक आनलं तवाही घरात सुतक होतं."

तिचा हात हलला नाही. तिनं डोळ्यात दुसराही थेंब टाकला, बाटलीचं झाकण लावलं, आणि म्हणाली, "डोळे मिटून ठेवा. पुसू नोका."

नंतर एक मुलगी झाली आम्हाला. ती आज अकोल्याला नर्स आहे. तिच्या वेळी मी वंदनाला माझ्याआधी जेवायला लावायचो, ओरडून लावायचो, आणि आई म्हणायची, पोरगा बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला. लोकांना ते प्रेम वाटलं. वंदनालाही वाटलं असेल. संसार चालतो. माणसं एकमेकांना चहा करून देतात, औषधं आणतात, भाचीच्या लग्नाला एकाच गाडीवर जातात. आणि मध्ये एक धुरा असतो, त्यावरून कुणी जात नाही.

पूजा बोलून गेल्यावर बरेच दिवस मी ते घशाशी घेऊन फिरलो. शेवटी एका दुपारी बोललो. भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस घरातच ठेवलाय, समोरची खोली छतापर्यंत भरलीय. वंदना दाराशी बसून कवडी निवडत होती, म्हणजे डागी कापूस वेगळा करत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, तेव्हाच तिला नवल वाटलं.

"काय वो? पाठ दुखून राह्यली का?"

"तू त्या दिवशी पूजाले म्हनलं ना, चूक माही म्हनून."

"मंग?"

"मी पाह्यलं होतं वंदना. तू जेवत नोती ते. धुऱ्यावरून पाह्यलं होतं."

तिची बोटं कापसात चालत राहिली. डागी एकीकडं, पांढरा एकीकडं. मी सगळं सांगितलं. सडकेचं सांगितलं. काट्यांचं खोटं सांगितलं. अभिमान वाटला होता, तेही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज मलाच परका लागत होता.

"म्हंजे तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"हाव."

"आन मी तुमच्यापासून लपवू लपवू मरून राह्यली होती. तुमाले कळलं तं तुमी जेवसान, तुमचं वजन बिघडन म्हनून." तिनं हातातला कापूस खाली ठेवला. "मंग एक आवाज काऊन नाही देल्ला?"

उत्तर तर मी आत्ताच देऊन बसलो होतो.

ती उठली, पदराला चिकटलेला कापूस झटकला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. पुढचे काही दिवस घरात सगळं वेळेवर होत होतं. चहा, भाकर, आंघोळीचं पाणी. फक्त ती माझ्याकडं पाहून बोलत नव्हती. अकोल्याहून मुलीचा फोन आला की मोठ्यानं हसायची, फोन ठेवला की पुन्हा कामाला लागायची. मी वाट बघत होतो, की ती रडेल, ओरडेल, निदान आईला, बाबांना, मला, कुणाला तरी शिव्या देईल. एक सकाळ अशी आली, की ती पायात चपला घालून दारात उभी राहिली.

"बाबानं तिले कुठं ठेवलं, ते दाखवा."

"मले माहीत नाही."

"माहीत नाही?"

"मी नोतो ना इथं."

"आल्यावर नाही विचारलं?"

"नाही."

"बाबा जाईपर्यंत?"

बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आईही राहिली नाही. ते एकटेच गेले होते त्या दिवशी. सोबत दुसरं कुणी नव्हतं, सांगणारं कुणी उरलेलं नाही. रस्ता बदलला, हे सांगायला मी एवढी वर्षं जीव गोळा करत होतो, आणि त्याच्या आत हे दुसरं बसलेलं होतं, ते मला आजवर दिसलंही नव्हतं.

"चाला," ती म्हणाली, आणि पुढं झाली.

नाल्याच्या काठानं आम्ही चाललो. ती पुढं, मी मागं. पाणी कुठं कुठं डबक्यात होतं, बाकी नुसती वाळू. पळसाला पानं होती, फुलं अजून लांब होती. ती मध्येच थांबायची, माती चपलेनं टोकरून बघायची, पुढं जायची. बोलत होती ती मला नव्हे, स्वतःला सांगितल्यासारखी. "बाबाचे गुडघे दुखत होते. ते काही लय दूर गेले नसतीन. मुरमात कुदळ चालत नाही. आन पुराचं पानी येते तिथं नसतीन ठेवत ते. मानूस समजदार होता."

एका वळणावर, काठापासून जरा वर, बोरीच्या झाडाखाली माती काळी आणि मऊ होती. तिथं ती थांबली. पायातल्या चपला काढल्या.

"इथंच," म्हणाली.

"तुले कसं माहीत?"

"माहीत नाही. पन कुठंतरी बसा लागन ना."

ती खाली बसली. पडलेली चार बोरं हातानं बाजूला सारली आणि तळहात जमिनीवर ठेवला. मी दोन पावलं पुढं आलो, तेव्हा न वळता म्हणाली, "तुमी जा घरी. म्हशीचं पाहा. मी येतो थोड्या वेळानं."

मी निघालो. नाला ओलांडून वर चढलो आणि एकदाच वळून पाहिलं. तिचं डोकं थोडं कललं होतं आणि ओठ हलत होते. ती त्या लेकीशी बोलत होती. काय बोलत होती, ते ऐकू येईल एवढ्या जवळ मी नव्हतो.